गोड कोयनेल

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा काय काम करतो, हे वडिलांना आईजवळ नीट सांगता आलं नाही. "औषधांच्या कामात आहे," एवढंच ते म्हणाले. आईनं समजून घेतलं की जावई कंपाउंडर असणार. लग्न होऊन मी धुळ्याला आले आणि मग कळलं, की यजमान बाजारोबाजार फिरून, लाकडी पेटीवर उभे राहून थंडीतापाच्या गोळ्या विकतात.

मला वाईट वाटलं नाही. माझे वडील भुसावळला इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. कष्टाचं कुठलंही काम आमच्या घरात हलकं मानलं जात नसे. शिवाय यजमानांना काम करताना मी पहिल्यांदा पाहिलं ते दोंडाईच्याच्या बाजारात, आणि पाहतच राहिले.

पेटीवर चढून आधी ते काहीच बोलले नाहीत. अंगावरचं उपरणं घट्ट ओढून घेतलं आणि कुडकुडायला लागले. दात वाजवले, गुडघे लटपटवले, पेटीवरून पडतात की काय असं वाटायला लावलं. मिरच्या निवडणाऱ्या बायका हात थांबवून बघू लागल्या. गर्दी जमली, हसू लागली. मग एकदम ताठ उभे राहून त्यांनी खिशातून लाल लेबलाची बाटली काढली.

"भाऊ-बहिनीस्वन, आयका! हाई कोयनेल शे, पन कडू नही! एक गोयी खा, थंडी बठ्ठी पयी जाई!"

म्हणजे, हे थंडीतापावरचं क्विनाईन आहे, पण कडू नाही; एक गोळी खा, सगळी थंडी पळून जाईल. आमच्या भुसावळकडची बोली निराळी. पहिलं वर्षभर धुळ्याची अहिराणी माझ्या कानाला अडखळायची. पण यजमानांच्या तोंडची मला लगेच कळू लागली, कारण ते शब्द हातांनी, भुवयांनी बोलत. बोलून झालं की ते बाटली डोळ्यांसमोर धरत आणि लेबल मोठ्यानं वाचून दाखवत. ऐकणाऱ्यांत वाचता येणारे थोडेच. 'शुद्ध विलायती कोयनेलची गोड गोळी. थंडीतापावर खात्रीचा उपाय. नकली मालापासून सावध राहा.' शेवटचं वाक्य ते बोट वर करून, दमात घेतल्यासारखं वाचत.

त्यांचा त्या गोळ्यांवर खरोखर विश्वास होता. ते लहान असताना त्यांची आई तापानं गेली होती. पावसाळ्यानंतरचा ताप, एक दिवसाआड येणारा. घरात कुणी औषध आणलं नाही, अंगारा लावत राहिले. पुढे मामाकडे वाढताना, दुकानांतून हमाली करताना, त्यांच्या मनात एकच गोष्ट बसली होती: औषध घरापर्यंत पोचलं असतं, तर आई वाचली असती. धुळ्याच्या ज्या शेठजींकडे या गोळ्यांची एजन्सी होती, त्यांनी यजमानांचा आवाज ऐकून त्यांना ठेवून घेतलं, तेव्हा त्यांना नोकरी मिळाल्यासारखं नाही, तर काहीतरी हाती लागल्यासारखं वाटलं. एखादी म्हातारी पैशासाठी पदराची गाठ सोडायला लागली, की पुष्कळदा ते तिचा हात धरून गाठ पुन्हा बांधायला लावत आणि गोळ्या तशाच देत.

मुलगी झाल्यावर तिसऱ्या वर्षी मी त्यांच्याबरोबर शिरपूरला गेले. पावसाळा उलटला, की तापी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतच्या गावांत थंडीतापाची साथ यायचीच. हा त्यांचा हंगाम. आम्ही शिरपुरात एक खोली घेतली होती. ते सकाळी बैलगाडीत पेटी टाकून गावं करायला निघत, दिवेलागणीला परत येत.

एका दुपारी मुलगी अंगणात खेळता खेळता माझ्याकडे आली आणि कुशीत शिरली. अंग थरथरत होतं. मी तिच्यावर होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या घातल्या. थोड्या वेळानं कढत ताप चढला.

यजमान आले. मुलीला पाहून घाबरले नाहीत. "आपल्या घरातच औषध आहे," म्हणाले. त्यांनी दोन गोळ्या वाटीत चुरल्या, दुधात कालवल्या आणि स्वतःच्या हातानं तिला पाजल्या. पोरीनं वाटी चाटून पुसून घेतली. आणखी मागितलं.

ते मला खटकलं.

भुसावळच्या रेल्वे चाळीत पावसाळा सरला, की दवाखान्यातला मलमपट्टी करणारा ड्रेसर घरोघर यायचा. हातात कोयनेलची बाटली. आम्हा पोरांना ओळीनं उभं करायचा, औषध घशाखाली घालायचा आणि जीभ वर करून दाखवल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. भाकरी खाल्ली तरी तो कडूपणा जात नसे. माझा धाकटा भाऊ ड्रेसर दिसला, की पाण्याच्या टाकीमागे पळायचा. कोयनेल मिटक्या मारत खाणारं मूल मी जन्मात पाहिलं नव्हतं.

वाटीच्या तळाशी राहिलेलं मी बोटानं घेऊन चाटलं. आधी साखर लागली. मग खडू खाल्ल्यासारखं पिठूळ काहीतरी. कडू काहीच नाही.

"अहो, हे कोयनेल नाही," मी म्हटलं.

ते हसले. "कडूपणा काढून टाकलाय. तीच तर खुबी आहे."

"असं कसं काढता येईल?"

"विलायतेत काय काढता येत नाही?"

एक दिवस मुलगी बरी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू म्हणत होते, बघ. दुसऱ्या दिवशी पुन्हा थंडी भरली. पुन्हा गोळ्या, पुन्हा एक दिवस बरा, पुन्हा थंडी. पोरीचे ओठ पांढरे पडले. डाव्या कुशीत हात लावला तर रडायची. यजमान त्या दिवसांत गावं करायला गेले नाहीत. तिच्याजवळ बसून गोळ्या चुरत राहिले. शेवटी मी तिला शालीत गुंडाळलं आणि म्हटलं, "मी सरकारी दवाखान्यात चालले. तुम्हाला यायचं तर या."

ते मागून आले.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी मुलीचं पोट चाचपलं, डोळे पाहिले आणि कंपाउंडरला औषध तयार करायला सांगितलं. पहिला घोट घशाखाली गेला मात्र, पोरीनं असा टाहो फोडला, की बाहेर बसलेली माणसं उठून दारात आली. अर्धं तिनं माझ्या लुगड्यावर थुंकलं. डॉक्टरांनी शांतपणे पुन्हा तेवढंच मोजून पाजलं. मी मात्र मनातून हलकी झाले. तो वास मला ओळखीचा होता.

यजमानांनी खिशातली बाटली टेबलावर ठेवली. "डॉक्टरसाहेब, हेसुद्धा कोयनेलच आहे ना?"

डॉक्टरांनी लेबल वाचलं. एक गोळी दातांनी फोडून जिभेवर ठेवली आणि रुमालात थुंकली. "कमी कडू कोयनेल मिळतं," ते म्हणाले, "पण ते इतकं महाग असतं, की बाजारात या भावानं कुणी देऊच शकणार नाही. वर साखरेचा थर असला तरी गोळी फोडली की आतलं कडू लागायलाच हवं. तुम्ही कधी फोडून पाहिली नाही?"

यजमानांनी फोडून पाहिली नव्हती. त्यांना स्वतःला ताप कधी आलाच नव्हता.

त्यांनी बाटली तळहातावर उपडी केली. एक गोळी दाढेखाली फोडली. मग दुसरी. मग तिसरी. डॉक्टर "अहो, पुरे," म्हणाले तरी ते थांबले नाहीत. एखादी तरी कडू निघेल, असं त्यांना वाटत असावं. त्यांचं तोंड पांढऱ्या भुकटीनं भरलं. बाटली रिकामी झाली, तेव्हा ते बाहेर जाऊन लिंबाखाली बसले आणि किती तरी वेळ आत आले नाहीत.

मुलीचा ताप सरकारी औषधानं उतरला. थोड्याच दिवसांत ती अंगणात पुन्हा धावू लागली. यजमानांची मात्र पेटी कोपऱ्यात तशीच पडून होती.

एके सकाळी ते धुळ्याला शेठजींकडे गेले. परत आल्यावर काय बोलणं झालं ते त्यांनी मला शब्दन् शब्द सांगितलं. शेठजी रागावले नाहीत. उलट चहा मागवला. म्हणाले, "भाऊ, ताप काय, येतो तसा जातो. माणसाला धीर लागतो. तू धीर देतोस."

"पण लेबलावर कोयनेल लिहिलं आहे."

"लेबल कोण वाचतं?"

"मी वाचतो," यजमान म्हणाले. "भर बाजारात, मोठ्यानं."

एवढं सांगून ते माझ्याकडे वळले. "लोकांना वाचता येत नाही. ते माझ्या तोंडाकडे बघतात. लेबल म्हणजे मीच झालो ना?"

मी त्यांच्यासमोर भाकरी ठेवली. त्यांनी ती खाल्ली, हात धुतले आणि टोपी घालून पुन्हा दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या वेळी औषधांसाठी वेगळा कायदा नव्हता. तो पुढे लढाईच्या काळात आला. पण एका औषधाच्या नावाखाली दुसरंच काही विकणं हा गुन्हा तेव्हाही होता. मात्र जिभेवरची चव कोर्टात चालत नाही. पोलिसांनी पंचांसमोर दुकानातून माल घ्यायला हवा, त्याला सील लागायला हवं आणि मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेतून तपासून यायला हवं. "आणि एक लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाले, "माल तुम्हीही विकला आहे. आरोपी म्हणून तुम्हालाही उभं करू शकतात."

घरी येऊन त्यांनी हे मला सांगितलं आणि विचारलं, "काय करू?"

मला भीती वाटत होती. मांडीवर पोर झोपली होती. तिच्या गालांवर नुकता कुठे रंग आला होता. मी म्हटलं, "हिला आपण दवाखान्यात नेलं. ज्यांना दवाखाना लांब आहे, ते अजून वाटी चाटताहेत."

त्यांनी फिर्याद दिली. डॉक्टरांनी धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांना लिहिलं, त्यांनी कलेक्टर कचेरीत. सरकारी काम, आम्हाला वाटलं होतं की कागद कुठेतरी पडून राहील. पण एक दिवस फौजदार शिपायांसह शेठजींच्या दुकानात शिरले. पेठेतल्या दोन माणसांना पंच म्हणून बोलावलं. वखारीतली खोकी मोजून, लाखेची मोहर लावून ताब्यात घेतली. शेठजी म्हणत होते, "वरून माल जसा येतो तसा मी विकतो." मुंबईचा अहवाल यायला हिवाळा सरला. त्यात लिहिलं होतं: साखर, खडू, पीठ. कोयनेलचा अंशही नाही.

तोवर आम्ही शिरपूरची खोली सोडून धुळ्याला परतलो होतो. खटला धुळ्याच्या कोर्टात चालला. शेठजींची नजर चुकवण्यासाठी मी पेठेतल्या रस्त्यानं जायचं टाळत होते, पण यजमानांच्या साक्षीच्या दिवशी मात्र मुलीला घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात उभी राहिले. दारातून आतलं ऐकू येत होतं.

शेठजींचे वकील नावाजलेले होते. त्यांनी विचारलं, "या गोळ्या उत्तम आहेत असं तुम्ही वर्षानुवर्षं बाजारात सांगत होता. बरोबर?"

"हो."

"आता सांगता, त्या खोट्या आहेत. म्हणजे तेव्हा खोटं बोलत होता की आता बोलता आहात?"

कोर्टात कुणीतरी हसलं. यजमानांनी टोपी काढून हातात घेतली. "तेव्हा मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. तेव्हा बाजारात मोठ्यानं बोललो, म्हणून आता इथंही मोठ्यानं बोलतो आहे. माझी शिक्षा असेल ती मला द्या, पण ते लेबल बंद करा."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मला तो क्षण अजून दिसतो.

यजमानांना शिक्षा झाली नाही. माल खोटा आहे हे कळताच त्यांनी स्वतः येऊन सांगितलं, हे कोर्टानं धरलं. शेठजींना दंड झाला आणि सगळा माल नष्ट करण्याचा हुकूम निघाला. कचेरीच्या मागे खड्डा खणून शिपायांनी बाटल्या उपड्या केल्या, वरून पाणी ओतलं, माती लोटली. यजमान मला ते दाखवायला घेऊन गेले. पुढे कित्येक दिवस त्या जागी मुंग्यांच्या रांगा लागलेल्या होत्या. कचेरीत येणारी जाणारी माणसं थांबून बघत आणि आपसांत बोलत. वर्तमानपत्रातल्या बातमीपेक्षा मुंग्यांनीच ही गोष्ट गावभर केली, असं मला वाटतं.

काम मात्र सुटलं होतं. यजमान घरी बसून राहत. कुणी बाजाराचं नाव काढलं की विषय बदलत. मी शेजारच्या बायकांचे कपडे शिवून देऊ लागले. असा उन्हाळा गेला, पावसाळाही संपत आला. आणि एक दिवस शिरपूरचे डॉक्टर स्वतः आमच्या दारात उभे राहिले.

"सरकारकडून कोयनेल आलं आहे," ते म्हणाले. "पायथ्याच्या गावांत वाटायचं आहे. मागच्या वर्षी मी गेलो, तर लोकांनी तोंडात घेतलं आणि माझ्या देखत थुंकलं. त्यांना गोड हवंय. जिल्हा लोकल बोर्डाकडून हंगामापुरती माणसाची मंजुरी मिळाली आहे. मला तुमच्यासारखा बोलणारा हवा."

"मीच?" यजमान म्हणाले. "त्याच लोकांसमोर?"

"त्याच लोकांसमोर. दुसरा कुणी सांगून त्यांना पटणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यातली पेटी पुसून पुढे ठेवली.

पहिला बाजार शिरपूरचाच होता. डॉक्टर कोयनेलच्या पुड्यांची पिशवी घेऊन आले होते, मुलीला घेऊन मीही गेले होते. त्यांना पाहताच पोरं ओरडली, "गोयीवाला भाऊ उना रे!" लोक जमले, आता ते कुडकुडतील म्हणून हसायच्या तयारीनं उभे राहिले. यजमान पेटीवर चढले नाहीत. पेटीशेजारी जमिनीवर उभे राहिले.

"मी तुमले ज्या गोया दिन्ह्यात, त्या खोट्या व्हत्यात. तेसमा कोयनेल नव्हतं. माले मालूम नव्हतं. आते शे."

कुणी हसलं नाही. मागून एक उंच, काळासावळा माणूस गर्दी सारत पुढे आला. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड होती, लाकडं विकायला आला असावा. तो अगदी हळू बोलला.

"मना पोऱ्याले तूच दिन्ही व्हती गोयी. तो ऱ्हायना नही."

त्याचा मुलगा गेला होता. यजमानांचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले. मी मुलीला पोटाशी घट्ट धरलं. डॉक्टर पुढे व्हायला निघाले, पण यजमानांनी मान हलवून त्यांना थांबवलं. मग त्या माणसानं डॉक्टरांच्या हातातल्या पुडीकडे बोट केलं.

"आधी तू खाय."

यजमानांनी पुडी सोडली आणि पाण्याशिवाय तोंडात टाकली. त्यांचा चेहरा पिळवटून निघाला, डोळ्यांत पाणी आलं, अंगावर शहारा आला. ह्या खेपेला त्यात नाटक काहीच नव्हतं. पण इतका जिवंत कुडकुडण्याचा खेळ त्यांनी कधीच केला नसेल. गर्दीत एक बाई खुदकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला.

तो माणूस हसला नाही. त्यानं हात पुढे केला. "घरवालीले हिव भरस," एवढंच म्हणाला. पुड्या कशा, केव्हा घ्यायच्या ते डॉक्टरांनी सांगितलं, ते त्यानं दोनदा विचारून घेतलं आणि निघून गेला. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि यजमानांनीही ते मागितलं नाही.

मग एक म्हातारी अक्का पुढे आली. "वर साखर खादी ते चाली का, भाऊ?"

"चाली ना अक्का," यजमान म्हणाले. "पन आधी हाई, मंग साखर."

त्या दिवशी पिशवी रिकामी झाली नाही. निम्मे लोक न घेताच गेले. पण पुढच्या बाजारी काहीजण पुन्हा आले, कारण त्यांचा ताप गेला होता. त्यांनी शेजाऱ्यांना आणलं. यजमान पुन्हा पेटीवर चढू लागले. आता ते लेबल वाचत नसत. पुडी फोडून आधी कुणाच्याही बोटावर चिमूटभर देत, चाखा म्हणत, आणि त्याचं वाकडं झालेलं तोंड बाजाराला दाखवत. हंगामापुरतं काम पुढच्या हंगामातही राहिलं. आम्ही धुळ्याची खोली सोडून शिरपूरलाच राहायला आलो.

पुढे महायुद्ध सुरू झालं. ज्या बेटांतून कोयनेल येई ती जपान्यांच्या हाती गेली, तसा पुरवठा आटला, पुड्या जपून द्याव्या लागल्या. आणि टंचाई म्हटली की खोटा मालही आलाच. पण बाजारात नवी चकचकीत बाटली दिसली, की लोक आधी विकणाऱ्यालाच म्हणत, फोड, चाखू दे. एक दोन फिरस्ते तर चाखू न देता गाशा गुंडाळून पळाले. औषधांचा नवा कायदा झाला आहे, असं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं तेव्हा यजमान त्यांना म्हणाले, "आमच्या बाजारात तो आधीच लागू आहे."

त्यातल्याच एका आश्विनातली गोष्ट. पायथ्याच्या एका गावात थंडीताप सुरू झाल्याचं कानावर आलं. यजमानांनी पिशवी भरली आणि सकाळीच पायी निघाले. मी भाकरी बांधून देऊन त्यांच्याबरोबर गावाच्या वेशीपर्यंत गेले होते. समोरून दोन बैलगाड्या येताना दिसल्या. गाड्यांत घोंगड्या पांघरलेली माणसं, बायका, मांडीवर पोरं. पुढच्या गाडीचे बैल हाकणारा बाजारातला तोच उंच माणूस होता. केस पांढरे झाले होते. शेजारी त्याची बायको बसली होती.

त्यानं बैल थांबवून कुठे चाललात म्हणून विचारलं. "कथा जाई ऱ्हायना, भाऊ?"

"तुमनाच गावले."

"कसाले? आम्हीच दवाखानाले ई ऱ्हायनूत."

गाव आपणहून दवाखान्यात येत होतं. मग त्या माणसानं थोडं सरकून जागा केली. यजमानांनी पिशवी आधी वर ठेवली, चाकावर पाय देऊन ते गाडीत चढले आणि एका तापलेल्या पोराला मांडीवर घेऊन दवाखान्याकडे परत निघाले. मी गाडीच्या मागून चालत होते.